पऱ्ह्याची माती : गाळ आणि राख यांची कुंडीतील परीक्षा

मृगाचा पाऊस पडला की भंडारा जिल्ह्यात सर्वांत आधी हिरवी होते ती पऱ्ह्याची बांधी. रोवणी त्यानंतर महिनाभराने. परंतु ती साधणार की फसणार हे बऱ्याच अंशी या काही गुंठ्यांतच ठरून जाते. एक हेक्टर रोवणीसाठी सुमारे दहा गुंठे पऱ्हे टाकावे लागतात आणि पेरणीपासून एकवीस ते पंचवीस दिवसांत रोप उपटणीस तयार व्हावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. या मुदतीत पावसाने दडी मारली, रोपे पिवळी पडली किंवा जमीन इतकी घट्ट झाली की उपटताना मुळेच तुटू लागली, तर शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. पुन्हा पेरणी करणे, नाही तर ज्याचे पऱ्हे साधले त्याच्याकडे जाऊन ते मागणे. दोन्हींत दिवस जातात आणि धानाच्या हंगामात गेलेला दिवस परत मिळत नाही.

पऱ्ह्याची माती सुधारू शकतील अशा दोन वस्तू या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक गावाच्या आसपास आहेत. एक तलावातील गाळ आणि दुसरी धानाच्या तुसाची राख. दोन्हींविषयी गावोगावी ठाम मते ऐकू येतात. गाळ टाकला की जमीन सुधारते, असे कोणी सांगतो. गाळाने बांधी दगडासारखी झाली, असे त्याचाच शेजारी सांगतो. दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे, कारण दोघांची जमीन एक नसते, गाळ एक नसतो आणि प्रमाण तर कोणीच मोजलेले नसते. हा प्रश्न माध्यमिक शाळेतील चार-पाच विद्यार्थ्यांचा एक गट सोळा कुंड्या, एक तराजू आणि एक वही यांच्या साहाय्याने आपल्या गावापुरता सोडवू शकतो. त्याची रीत येथे द्यावयाची आहे.

तलाव, गाळ आणि राख

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावरही ही ओळख कायम राहिली. येथील जुने तलाव गोंड राजवटीच्या काळापासून प्रामुख्याने कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप केले. उन्हाळ्यात आटलेल्या पात्रातील गाळ बंड्या भरून शेतात नेण्याची जुनी वहिवाट होती. त्यात शेताला माती मिळे आणि तलावाला खोली मिळे. ही वहिवाट मोडली तसे तलाव उथळ होत गेले. बेशरमाच्या झुडपांनी त्यांचे काठ व्यापले. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हाती घेतली तेव्हा या जुन्या व्यवहारालाच नवे रूप मिळाले. गाळ विनामूल्य आणि तो वाहून नेण्याचे काम शेतकऱ्याचे, असे तिचे मूळ सूत्र होते. किती घनमीटर गाळ निघाला, हे मोजणे सोपे आहे. तो ज्या बांधीत पडला तेथे पुढे काय झाले, हे मोजावयाचे तर त्या बांधीपर्यंत कोणीतरी वही घेऊन जावे लागते.

गाळ म्हणजे पाणलोटातून वाहून आलेल्या मातीचा सर्वांत बारीक भाग. त्यात चिकणमाती अधिक, कुजलेला पालापाचोळा थोडाफार आणि त्याबरोबर आलेली अन्नद्रव्ये असतात. जिल्ह्यातील शेतकरी आपल्या जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी नावे देतात. ती नावे मृदाशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत, परंतु प्रयोगाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहेत. सिहार ही वाळूमिश्रित जमीन आहे. तिच्यात पाणी टिकत नाही म्हणून गाळातील चिकणमाती तिला हवीहवीशी वाटावी. कन्हार मुळातच काळी व भारी. तिच्यात आणखी चिकणमाती घालून काय साधणार? मते जुळत नाहीत त्याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण गाळातच असते. तलावाच्या काठाचा गाळ वाळूसर, मधला चिकट; वरचा थर तपकिरी, तर खालचा काळपट आणि कुबट वासाचा. हा खालचा थर वर्षानुवर्षे हवेवाचून राहिलेला असतो. तो बाहेर काढून, पसरून, चांगला उन्हात वाळवून आणि ढेकळे फोडूनच वापरावा लागतो.

राखेची गोष्ट वेगळी. भाताला, म्हणजे भंडाऱ्याच्या भाषेत धानाला, सिलिका या द्रव्याची विलक्षण ओढ असते. सिलिका वनस्पतींच्या अत्यावश्यक अन्नद्रव्यांच्या यादीत नाही. तरीही धान ती मुळांवाटे मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि पाने, खोड व तूस यांत साठवतो. धानाच्या पात्याने बोट कापते ते तिच्यामुळेच. तिने पान ताठ राहते, खोड कणखर होते आणि किडीला ते कुरतडणे जड जाते. जपानमध्ये सिलिकायुक्त खताला १९५५ साली रीतसर मान्यता मिळाली. मुळातून सिलिका आत घेणारे जनुकही जपानी शास्त्रज्ञांनीच २००६ साली ओळखले. तूस पूर्ण जळून उरलेल्या राखेत शेकडा ८० हून अधिक भाग सिलिका असते. तूस म्हणजे धानाने एकदा जमिनीतून उचललेली सिलिका. ती गिरणीच्या मागील ढिगाऱ्यात पडून राहते, एवढेच.

महाराष्ट्रात ही गोष्ट शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत आणण्याचे श्रेय मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘चारसूत्री’ भातशेतीचे पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा, म्हणजे तणीस, रोवणीच्या शेतात. उरलेली तीन सूत्रे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावरील लावणी व खताच्या गोळ्या खोल रोवणे ही होत. रोपवाटिकेसाठी दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मातीत मिसळावी, अशी शिफारस आहे. ही राख काळी असावी, यावर त्यांचा भर होता. तूस मंद जळाले तर राखेत थोडा कोळसा राहून ती काळी दिसते आणि तिच्यातील सिलिका पाण्यात सहज विरघळण्याजोगी असते. भट्टीत फार तापून पांढरी झालेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊ लागते व झाडाच्या फारशी उपयोगी पडत नाही. गिरणीच्या दारातून राख उचलताना विद्यार्थ्यांनी प्रथम तिचा रंग वहीत नोंदवावा.

सोळा कुंड्या

प्रयोगासाठी वीस सेंटिमीटर तोंडाच्या, तळाशी छिद्र असलेल्या सोळा सारख्या कुंड्या घ्याव्यात. माती एकाच बांधीतील, चाळलेली आणि एकत्र कालवलेली असावी. शेणखत सर्व कुंड्यांत सारखे. चार कुंड्यांत नुसती माती. चार कुंड्यांत तीन डबे मातीस एक डबा गाळ. चार कुंड्यांत माती व राख. शेवटच्या चार कुंड्यांत माती, गाळ आणि राख. वीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस मीटरला एक किलो या हिशेबाने प्रत्येक कुंडीस सुमारे ३१ ग्रॅम राख लागेल. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा. मूठभर राख म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या मुठीवर अवलंबून असते.

नुसत्या मातीच्या चार कुंड्या मुलांना वाया गेल्यासारख्या वाटतात. त्यांत काहीच ‘घातलेले’ नसते. वास्तविक संपूर्ण प्रयोग त्यांच्या आधारावर उभा असतो. गाळाच्या कुंडीतील रोप चांगले आले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच दिवशी पेरलेल्या, त्याच पाण्यावर वाढलेल्या साध्या मातीतील रोपापेक्षा ते किती चांगले आले, हे सांगता आले पाहिजे.

प्रत्येक प्रकारच्या चार कुंड्या का, हाही प्रश्न विचारला जातो. एका कुंडीला उंदीर लागतो, दुसरीचे छिद्र बुजते, तिसरी भिंतीच्या सावलीत येते. एकेकच कुंडी असेल तर हा अपघात म्हणजे राखेचा गुण, अशी समजूत सहज होते. म्हणून चार ओळी कराव्यात. प्रत्येक ओळीत चारही प्रकारची एकेक कुंडी ठेवावी आणि ओळीतील तिची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. आवडीची कुंडी उजेडात ठेवण्याचा मोह शिक्षकांनाही आवरत नाही. चिठ्ठीला तो नसतो.

शेतीच्या प्रयोगात चिठ्ठीला हे स्थान मिळाले ते इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथे. तेथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते आणि १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती तेथे रुजू झाले. आकड्यांचे ढीग असूनही ते काय सांगतात याविषयी खात्री देता येत नाही, असे त्यांना आढळले. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याऐवजी दोन-तीन गोष्टी एकत्र तपासता येतात आणि त्या एकमेकींना पूरक ठरतात की मारक, हेही त्यातूनच कळते, असे त्यांनी दाखवून दिले. गाळ व राख एकत्र घातलेल्या चार कुंड्या याचसाठी आहेत. भारतात ही विद्या शेतीखात्यांपर्यंत नेणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा त्यांचा ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कृषी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या तो हाताशी ठेवून शिकल्या.

बियाणे एकाच वाणाचे असावे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढावेत आणि बुडालेले दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावेत. मग प्रत्येक कुंडीत पन्नास दाणे मोजून पेरावेत. कुंड्या पावसापासून आडोशाला, परंतु उजेडात असाव्यात. पाणी मापाने द्यावे.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी घडण्याची शक्यता आहे आणि दोन्हींनी गट निराश होतो. राख अल्कधर्मी असते. ती मातीत नीट मिसळली गेली नाही आणि दाणा थेट राखेच्या थरात पडला, तर उगवण कमी होते. सामू दाखवणाऱ्या पट्टीने हे पेरणीपूर्वीच पाहता येते. दुसरी गोष्ट गाळाच्या कुंडीत दिसते. तेथे धानापेक्षा दाट हिरवळ उगवते. सर्वांना आनंद होतो आणि आठ-दहा दिवसांनी कळते की त्यातील बरीचशी लव्हाळा व इतर तणांची आहे. गाळाबरोबर तणांचे बी येते. नुसत्या गाळाची, धान न पेरलेली एक सतरावी कुंडी बाजूला ठेवली असती तर हे आधीच ओळखू आले असते. या दोन्ही नोंदी शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. त्या खोडून टाकू नयेत.

उंची की वजन?

एकविसाव्या दिवशी मोजणी. बहुतेक गट पट्टी घेऊन उंची मोजतात आणि सर्वांत उंच रोपाला उत्तम ठरवतात. येथेच प्रयोग चुकीच्या वाटेला लागतो. दाटीत वाढलेले, सावलीत ओढलेले किंवा जास्त युरिया मिळालेले रोपही उंच व हिरवेगार दिसते; रोवणीनंतर तेच आधी आडवे होते. चांगले पऱ्हे आखूड, जाड बुडख्याचे आणि भरपूर पांढऱ्या मुळ्यांचे असते, हे गावातील कोणतीही रोवणी करणारी बाई सांगेल. तिला प्रयोगाच्या जागी बोलावून, कोणती कुंडी कशाची हे न सांगता, सोळा कुंड्यांना गुण द्यावयास सांगावे. तिचे गुण व तराजूचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

तराजूसाठी प्रत्येक कुंडीच्या एका अर्ध्या भागातील वीस रोपे ओलसर मातीतून अलगद उपटावीत, चाळणीवर मुळे धुवावीत आणि वजन बदलेनासे होईपर्यंत वाळवून शाळेतील प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलावीत. समजा, नुसत्या मातीच्या कुंड्यांत वीस रोपांचे वजन ओळीगणिक १.९, २.१, १.६ व २.० ग्रॅम भरले आणि राखेच्या कुंड्यांत २.०, २.४, १.८ व २.३. वरवर पाहता आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत; साध्या मातीतील २.१ हा राखेतील १.८ पेक्षा मोठाच आहे. पण ओळीवार वजाबाकी केली की ०.१, ०.३, ०.२, ०.३ असा फरक मिळतो आणि तो चारही वेळा राखेच्या बाजूने आहे. तिसरी ओळ बहुधा भिंतीजवळची होती. तिने दोन्ही कुंड्या सारख्याच मागे खेचल्या. ओळी पाडण्याचा उपयोग तो हाच.

वजनाचा प्रश्न निघाला की फ्लेमिश वैद्य व्हान हेलमाँट यांच्या विलो झाडाची आठवण होते. त्यांनी दोनशे पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांवर गेले, माती अवघी दोन औंस घटली. त्यावरून झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १६४८ साली तो त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. तोलण्यात त्यांची चूक नव्हती. झाड हवेतूनही काही घेते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. आणि ते दोन औंस त्यांनी सोडून दिले. कुंडीतील ३१ ग्रॅम राखेकडे पाहताना ते दोन औंस ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पाणी थांबवल्यावर

गाळाचा खरा गुण मात्र रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीत दिसणारच नाही. वजनात गाळ आणि साधी माती यांत फरक आला नाही, तर गट ‘गाळाचा उपयोग नाही’ असे लिहून मोकळा होईल. पण भंडाऱ्याचे पऱ्हे पाणी मिळत असताना मरत नाही. ते पावसाच्या खंडात मरते. म्हणून वीस रोपे काढून घेतल्यावर उरलेल्या रोपांची दुसरी परीक्षा घ्यावी. सर्व कुंड्यांना एकाच संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे, निथळू द्यावे, आणि त्यानंतर पाणी बंद करावे. रोज सकाळी प्रत्येक कुंडी तोलावी. वजन जितके घटले तितके पाणी गेले. ज्या सकाळी निम्म्याहून अधिक रोपांच्या पानांची सुरळी झालेली दिसेल तो दिवस त्या कुंडीपुढे लिहावा आणि तिला पुन्हा पाणी द्यावे.

सिहार मातीत येथे गाळाची कुंडी मागे राहून टिकण्याची अपेक्षा आहे. किती दिवस, हे त्या गावच्या मातीने व त्या तलावाच्या गाळाने सांगावयाचे. एक दिवस असेल तर ट्रॉलीचे भाडे वसूल होणार नाही. तीन दिवस असतील तर खंडाच्या वर्षी एवढ्यानेही पऱ्हे वाचू शकते. कन्हार मातीत फरक न पडण्याची किंवा उलटा पडण्याचीही शक्यता आहे. चिकणमाती पाणी धरून ठेवते, पण ते सगळेच मुळाला सोडत नाही. शिवाय वाळताना तडकते आणि तड्यातील मुळे तुटतात. तसे आढळले तर तेच लिहावे. काळ्या बांधीच्या मालकाचा उन्हाळ्यातील खर्च त्या एका ओळीने वाचतो.

बांधीचा हिशेब

कुंडीतून बांधीकडे जाताना पहिला अडसर भाड्याचा येतो. एक एकर रोवणीला चार गुंठे, म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर, पऱ्हे लागते. वरच्या दहा सेंटिमीटर थरात चौथा हिस्सा गाळ म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीचा थर. चार गुंठ्यांस तो दहा घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन ब्रास होतो. तेवढ्याच जाडीने संपूर्ण एकर झाकावयाचा झाला, तर छत्तीस ब्रासच्या आसपास लागेल. थोड्या गाळात पुष्कळ जमीन सुधारण्याच्या हौसेने तो एकरभर विखुरला जातो व कोठेच दिसत नाही. लहान शेतकऱ्याने तो आधी पऱ्ह्याच्या बांधीत घालणे हिशेबाला धरून आहे.

राखेचे गणित अधिक अवघड. चार गुंठ्यांस दोनशे ते चारशे किलो राख हवी. एक क्विंटल धानातून सुमारे वीस किलो तूस आणि त्यातून सुमारे चार किलो राख मिळते. एकरी पंधरा-वीस क्विंटल पीक धरले तर स्वतःच्या धानाच्या तुसापासून साठ ते ऐंशी किलो राख. किमान प्रमाणाच्या निम्म्यालाही ती पुरत नाही. उरलेली गिरणीतून आणावी लागेल. आणि तुसाला बाष्पक व विटांच्या भट्ट्या हे गिऱ्हाईक आता ठरलेले आहे. तेव्हा दर चौरस मीटरला पाव किलो राखेनेही काही फरक पडतो का, हा प्रश्न पुढील वर्षीच्या गटासाठी तयारच आहे. त्यासाठी कुंडीस आठ ग्रॅम राख पुरेल.

१९९३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांचे असे गट जिल्हा व राज्य पातळीवर आपले प्रकल्प मांडत आले आहेत. २०१० व २०११ या वर्षी तिचा मुख्य विषय भूमी संसाधन हाच होता. प्रदर्शनाचा तक्ता रंगवताना फसलेल्या कुंड्या गाळण्याकडे कल होतो. परीक्षकांनीही ‘यश’ कोठे आहे, असे विचारू नये. सोळापैकी दोन कुंड्या मेल्या असतील तर चौदांचा तक्ता मांडावा आणि दोन का मेल्या ते लिहावे. साकोली येथे धानावर काम करणारे कृषी संशोधन केंद्र आहे. मातीचे पृथक्करण हवे असल्यास मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. तेथे नमुना नेताना गाळाचाही एक वेगळा नमुना न्यावा आणि तो तलावाच्या कोणत्या भागातून, किती खोलीवरून घेतला याची चिठ्ठी पिशवीत घालावी.

कुंड्यांतील उरलेली रोपे टाकून देऊ नयेत. शाळेजवळील एखाद्या बांधीत मालकाच्या संमतीने ती चार पट्ट्यांत रोवावीत, पट्टीच्या टोकाला बांबूची खूण व क्रमांक लावावा आणि लोंबी येईपर्यंत आठवड्यातून एकदा खोडकिडीने पोचट झालेल्या पांढऱ्या लोंब्या मोजाव्यात. दिवाळीच्या सुमारास कापणी होईल तेव्हा प्रत्येक पट्टीचे धान वेगळे बांधून तोलावे लागेल. मळणीच्या गर्दीत पेंढ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येक पेंढीच्या बांधात अडकवून ठेवावी.